बाहेरचं तापमान

"पेन खाली ठेव," नंदकुमार सर म्हणाले.

कल्पितानं ते ठेवलं आणि बोटांनी टोपणाशी चाळा सुरू केला. समोरच्या समीकरणात तिनं y डावीकडे ओढला होता, x उजवीकडे. मधलं एक पद मात्र दोघांना धरून बसलं होतं, ते कुठल्याच बाजूला जाईना.

"दर वेळी हेच करतेस. बाजारात वाटे लावल्यासारखं. कोळंबी इकडे, बोंबील तिकडे. अगं, काही समीकरणं अशी वेगळी होतच नाहीत."

"मग टाइप सांगा ना सर. क्लासमध्ये सरळ टाइप सांगतात. चेहरा बघायचा, टाइप ओळखायचा, ठोकून द्यायचं."

"मग ठोकलंस की. काय झालं?"

कल्पिताचा इंजिनीअरिंगचा एम-टू, म्हणजे गणिताचा पेपर, तीनदा राहिला होता; अशा मागे राहिलेल्या विषयाला केटी म्हणत. दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले, पण पहिल्या वर्षातला हा एक पेपर सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. यंदाही राहिला तर वर्षभर घरी. आणि घरी म्हणजे मालाडच्या बाजारात, आईच्या शेजारी. आईच्या मासळीच्या धंद्याची तिला लाज नव्हती. पण तिथं एकदा बसलं की पुन्हा उठायला कोणी सांगणार नाही, याची भीती होती.

सरांनी नवा कागद घेतला. पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अडलेलं मूल दिसलं की खुर्ची पुढे ओढायची सवय सुटली नव्हती.

"सोपं घेऊ. चहा नव्वद अंशांवर आहे, खोली तीसवर. चहा कसा निवेल?"

"सर, खोली तीसवरच कशी राहील?"

"राहते असं मानायचं."

"पण नाही राहत ना!" तिचा आवाज एकदम चढला. "आमच्या पेटीतला बर्फ सकाळी मस्त टिकतो. वरचा पत्रा तापला की भसाभस पाणी. आणि पुस्तकात लिहितात, बाहेरचं तापमान कायम. तिथंच डोकं अडकतं माझं. मग वेळ जातो, मग घाई, मग वाट लागते." ती थांबली. "सॉरी सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे क्लासमध्ये विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं. ते म्हणाले, पेपरात येत नाही."

"येतं गं बाई. दर वेळी येतं." त्यांनी कागदावर चहाचं समीकरण मांडलं, मग त्यातला तीस खोडून तिथं तीस अधिक t, म्हणजे वेळ, लिहिलं. "घे. खोली तापत चालली. आता सोडव."

तिनं सवयीनं दोन बाजू करायला घेतल्या. t सुटेना. पुन्हा मांडलं, पुन्हा अडलं. तिसऱ्यांदा तिनं काहीच खोडलं नाही. कपातल्या पदांना एका बाजूला ठेवलं, खोलीच्या पदांना दुसऱ्या, आणि नुसती बघत राहिली.

"सर, हे... हे लिनियर आहे."

"काय आहे?"

"लिनियर! इंटिग्रेटिंग फॅक्टरवालं. मला तोंडपाठ आहे हे, यार—" तिनं जीभ चावली. सर हसले.

"तोंडपाठ आहे. कशासाठी आहे ते आज कळलं. बाहेरचं बदलत नसेल तर तुझे वाटे पडतात. बाहेरचंही बदलायला लागलं की ही दुसरी रीत."

"म्हणजे मी ढ नाही?"

"उतावळी आहेस. त्यावर माझ्याकडे औषध नाही. सोडव पुढे."

परीक्षेच्या आदल्या रविवारी ती बाजारात आईजवळ बसली होती. सरूबाईंनी पापलेट साफ करता करता लेकीकडे पाहिलं.

"पाय हलवू नको गो. गिऱ्हाईक बिचकतंय."

कल्पिताचं लक्ष बर्फाच्या पेटीकडे होतं.

"पास होशील का नाय, ता सांग."

"माहीत नाय, आई."

"मंग बर्फात काय बगतंस? तिथं उत्तर लिवलंय?"

शेजारची बाई खदखदून हसली. कल्पिताही हसली आणि पुन्हा पेटीकडे बघू लागली.

परीक्षा अंधेरीला होती. हॉलमध्ये सगळे केटीवालेच. त्यांची एक रीत होती: अर्धा तास संपेपर्यंत उठू देत नाहीत, म्हणून तेवढं बसायचं आणि घंटा झाली की घोळक्यानं बाहेर पडायचं. मागचे तीन पेपर कल्पितानं असेच दिले होते. घंटा झाली. पुढच्या बाकावरचा विकी उठला आणि त्यानं भुवया उडवून तिला विचारलं, येतेस? तिनं नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या प्रश्नाला तिचा हात आपोआप दोन बाजू करू लागला. अर्धी ओळ झाल्यावर तिनं ती खोडली. नुसते x आणि y होते, ना चहा ना खोली. तरी बाहेरून काहीतरी बदलत होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. उत्तर आल्यावर ती पुढे गेली नाही. ते उत्तर तिनं मूळ समीकरणात घालून पाहिलं. पदं एकमेकांत कटत गेली आणि दोन्ही बाजू जुळल्या. पेपर तपासणाऱ्याच्या आधीच तिला कळलं होतं. पुढच्या दोन्ही गणितांना तिनं तेच केलं.

हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. तिनं हात वर केला.

"पुरवणी."

पर्यवेक्षक बाई पुरवणी घेऊन आल्या. भरलेली पानं त्यांना दिसत होती.

"पासिंगपुरतं झालेलं दिसतंय की गं. घरी नाही जायचं?"

"अजून एक आहे, मॅडम."

"किती मार्कांचा?"

कल्पितानं प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं नाही. ती पुरवणी बांधायला दोरा ओवत होती.

"ते नाही बघितलं," ती म्हणाली, आणि गाठ मारली.