तांड्यावरचा पेपर

माझा आवाज मोठा हाय, हे आधीच सांगून ठेवतो. मी नुसता बोलून राहिलो तरी लोकाला वाटतं भांडून राहिलो. सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवायची, इंजिन खडखडणार, मागं पंधरा जण कलकलणार, तवा माणसानं हळू बोलून करायचं काय? आन् मला राग लवकर येतो, हे बी खरं हाय. पर त्या दिवशी आला तसा मला कधीच आला न्हवता.

आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा हाय, बारावीपर्यंत. माझी उझ्मा तिथं अकरावीला. गणिताचं पुस्तक हाती आलं की ह्या पोरीला तहान-भूक राहत न्हाई. तिला गणित शिकवतात ते देविदास सर. एक दिवस सर स्टँडवर आले, माझ्या जीपला टेकून म्हणले, "मोहियोद्दीनभाई, आपल्या शाळेत कॉलेज येऊन राहिलं."

"कॉलेज? बांधणार कुठं?"

"बांधायचं न्हाई हो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित आपल्याच शाळेत शिकवायचं, अकरावी-बारावीच्या पोरांना. शाळा सुटली की रोज दीड तास. हिंगोलीच्या कॉलेजातून मॅडम येणार. पोरं पास झाली की पुढं डिग्रीला तो पेपर धरला जाणार."

मी म्हणलो, "सर, खरं बोलता का मस्करी करता?" कारण असलं कायबी निघालं की ते लातूरला, नांदेडला. आमच्या पोरांच्या वाट्याला येतं ते एकच, 'तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई.' उझ्माला नांदेडला ठेवणं मला जमणारं न्हवतं, आन् जमलं असतं तरी तिच्या आईच्यानं पोरीबिगर एक रात निघाली नसती. आता कॉलेजच घरापाशी येत असंल तर मला आणिक काय पायजे?

पर एक अट होती. आधी एक परीक्षा. शाळेतली वीस पोरं पास झाली तर वर्ग मिळणार, एक जरी कमी पडलं तर वर्ग दुसऱ्या शाळेला जाणार. सरांनी घरोघर हिंडून बराबर वीस पोरं जमवली. त्यातल्या आठ पोरी मोहनसिंग नायकाच्या बंजारा तांड्यावरच्या; नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. ह्या आठ जणी पाचवीपासून उझ्माच्या मैतरणी, माझ्याच जीपमधून शाळेत येतात, आन् उझ्मा बी त्यांना आणायला-सोडायला संगं येते. त्यांच्यात म्होरकी म्हणजे पुजा, नायकाची पुतणी. वर्ग मिळाला पायजे म्हणून ह्या नऊ पोरींनी महिनाभर माझ्या जीपमध्ये इतकं गणित केलं की बाकीच्या गिऱ्हाइकांचं डोकं उठलं. एक म्हातारा तर मधीच उतरून चालत गेला.

परीक्षा चार दिवसांवर आली आन् पुजा सकाळी जीपमध्ये बसली ती रडतच.

"काय झालं, लेकरा?"

"काका, त्या दिवशी आमची तीज मोडायची हाय."

मी कपाळावर हात मारला. तांड्यावरच्या कुवाऱ्या पोरी श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरतात, त्याला तीज म्हणतात. विहिरीवरून डोक्यावर घागर आणून रोज तीन टायमाला पाणी घालायचं, गाणी म्हणायची. नऊ दिवसांनी ते हिरवे कोंब तोडून थोरामोठ्यांच्या पागोट्यात खोवायचे, ते तीज मोडणं. आन् मोडायच्या दिवशी तीज पेरलेल्या पोरीनं तांड्याच्या शिवेबाहेर पाय टाकायचा न्हाई, ही ह्या तांड्याची रीत.

देविदास सरांनी तारीख ठरवताना कॅलेंडर बघितलं होतं. गोकुळाष्टमी झाली म्हणजे तीज झाली, असा हिशेब केला. शिकलेला माणूस हो! तांड्याची तीज कुठं कॅलेंडर बघून बसते? नायक हुकूम देतो तवा ती पेरली जाते. औंदा तांड्यात एक म्हातारं वारलं, म्हणून नायकानं हुकूम उशिरा दिला होता.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कॉलेजच्या दीक्षा मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणल्या, पेपर सगळ्या शाळांत एकाच दिवशी, एकाच टायमाला हाय, तारीख बदलता येत न्हाई. मग मीच जीप काढली, उझ्माला घेतलं आन् सुटलो तांड्यावर. जाताना ठरवलं होतं की गोडीनं बोलायचं. पोचलो आन् नायकाला बघून वरडलोच, "अरे मोहनसिंग, आठ पोरींचं वाटोळं करून राहिलास!"

"तू माझ्या दारात येऊन माझ्यावरच वरडतो?" नायकाचा आवाज बी काही लहान न्हाई. "माझी पुतणी हाय त्याच्यात. मला काय आनंद हाय? पर शीव ओलांडली आन् उद्या तांड्यात काय बरंवाईट झालं तर समदे माझंच नाव घेतील."

"मग काय करायचं?"

"मला काय इचारतो? मी काय कॉलेज हाय का?"

आमी दोघं असे वरडून राहिलो आन् उझ्मा मधी उभी. ती म्हणली, "नायककाका, पोरींनी शीव ओलांडायची न्हाई, एवढंच ना? मग पेपरलाच शिवेच्या आत आणू. तांड्यावर शाळा हायच की."

तांड्यावर चौथीपर्यंतची शाळा हाय, दोन खोल्यांची, ती बी जिल्हा परिषदेचीच. एवढी साधी गोष्ट दोन बाप्यांना सुचली न्हाई, नुसतं घसे फोडले. नायक माझ्याकडं बघून म्हणला, "पोरगी आईवर गेली, नशीब तिचं."

मॅडमनी वर इचारलं आन् होकार आला, पर अटी सांगितल्या. खोलीत शांतता पायजे. आन् पेपर सुरू झाल्यावर जो बाहेर गेला त्याचा पेपर तिथंच संपला, परत आत न्हाई.

शांतता! तीज मोडायच्या दिवशी! त्या दिवशी सकाळपासून डफडं वाजतं, बाया गाणी म्हणत फेर धरतात, त्यांच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. ह्या सगळ्यांत थोर सोजराबाई, अख्खा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई. नायक तिला भीत-भीत सांगायला गेला. ती म्हणली, "गाणं थांबवायचं न्हाई. पर मनातल्या मनात म्हणायला कोणाची बंदी हाय?"

आन् बाबांनो, तसंच झालं. पेपरच्या दिवशी मी गावातली समदी पोरं जीपमध्ये भरून आणली. दीक्षा मॅडम आल्या, तरण्याच होत्या, पर चेहरा असा कडक की मीच चप्पल काढून उभा राहिलो. अकराला पेपर सुरू झाला. मोठाली पोरं पहिली-दुसरीच्या बाकड्यात गुडघे कोंबून बसली. आन् बाहेर चौकात पंचवीस बाया फेर धरून नाचून राहिल्या, तोंड बंद, आवाज न्हाई, एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरलेल्या. डफडंवाला काठी हवेतच मारायचा. माझ्या पोटात हसून हसून कळा आल्या, पर हसायची बी चोरी.

बाराचं ऊन डोक्यावर आलं तवा सोजराबाई नाचायची थांबली. तिनं आधी टोपल्यांकडं बघितलं, मग शाळेकडं. मग नायकाकडं बघून हळूच म्हणली, "दुपारचं पाणी कोण घालणार?"

नायकाचं तोंडच उतरलं. दरसाल पोरी आपल्या आपण पाणी घालतात, त्यामुळं ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच आली न्हवती. दुपारचं पाणी ऊन डोक्यावर हाय तवाच घालायचं, एक वाजेपर्यंत थांबता येत न्हाई; आन् घालायचं ते कुवाऱ्या पोरीनंच, आन् ते बी विहिरीवरून डोक्यावर घागर आणून. लग्न झालेल्या बाईचा हात चालत न्हाई. घागर उचलण्याजोग्या आठीच्या आठी पोरी पेपरला बसलेल्या. दोन चिल्ल्यापिल्ल्या घागर आणायला पळाल्या आन् निम्म्या वाटेत अंगावर सांडून रडत आल्या.

खिडकीतून पुजाला ते दिसलं. तिचा हात थांबला. ती टोपल्यांकडं बघून राहिली, मग बाकीच्या सात जणी बी बघून राहिल्या. शेवटच्या दिवशी तीज तहानलेली ठेवायची म्हणजे त्या पोरींच्या काळजाला घोर. पुजा अर्धी उठली. आता ही उठली तर मागं सात जणी उठणार, आन् वर्ग गेलाच म्हणून समजा.

तेवढ्यात दुसरंच कोणतरी उठलं. उझ्मा. तिनं पुजाच्या खांद्याला दाबून तिला खाली बसवलं, आपला पेपर मॅडमच्या टेबलावर ठेवला आन् बाहेर आली.

"अब्बा, वरडू नका," हे तिचं पहिलं वाक्य. मग सोजराबाईपुढं जाऊन म्हणली, "याडी, मी घालू का पाणी?"

बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघून राहिल्या. नायकानं पागोटं सारखं केलं आन् मला म्हणला, "भाई, तुझी काय हरकत?"

मी आवाज दाबून बोलायचा परयत्न केला, माझ्याच्यानं व्हईना. "हरकत? पाणी घालायला कसली हरकत? पेपर सोडून आली त्याची हरकत हाय मला! काहून आलीस गं? तू नापास झालीस तर एकोणीसच राहतील! समदंच बुडंल!"

पंचवीस बायांनी पदर तोंडाला लावले. शाळेच्या दारातून दीक्षा मॅडमनी बोट ओठावर ठेवून माझ्याकडं असं बघितलं की मी बसलोच खाली.

सोजराबाई उझ्माच्या जवळ गेली. तिची हनुवटी धरून म्हणली, "कुवारी हायेस न्हवं? घागर पेलती न्हवं? मग इचारती काहून?"

उझ्मानं ओढणी कमरेला खोचली. विहिरीवर गेली, घागर डोक्यावर घेऊन आली, एकेका टोपलीला ओंजळीनं पाणी घातलं. एक घागर पुरली न्हाई तर दुसरी आणली. मुक्या बाया तिच्याभोवती फेर धरून चालल्या. खिडकीत आठ तोंडं दिसली आन् परत पेपरवर वाकली. मला सांगायला लाज न्हाई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राग बी तसाच होता. दोन्ही एकदम येतं माणसाला, मला त्या दिवशी कळलं.

एक वाजता पेपर संपला आन् डफडं असं कडाडलं की मॅडम दचकल्याच. संध्याकाळी तीज मोडली तवा पुजानं पहिले कोंब सोजराबाईला दिले आन् दुसरे उझ्माच्या वेणीत खोवले.

गावातल्या पोरांना मी दुपारीच सोडून आलो होतो, म्हणून परत येताना जीपमध्ये आमी दोघंच होतो. मी हळू इचारलं, म्हणजे माझ्या मानानं हळू. "किती राहिला पेपर?"

"शेवटचे तीन प्रश्न."

"येत होते?"

"तिन्ही येत होते, अब्बा."

मी गिअर टाकायला गेलो आन् जीप बंदच पडली. रस्त्यात जीप उभी, मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. "मग काहून सोडलेस?"

"मी एकटी पास होऊन वर्ग कुठं मिळणार होता? त्या उठल्या असत्या तर तीन प्रश्न लिहून तरी काय फायदा?" मग म्हणली, "आन् पुजा रडली असती."

हिशेब तिचा बराबर होता, पर कच्चा बी होता. ती पास झाली तरच खरा. निकालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या गावात उतरवलं, आन् चाँदबीनं, माझ्या बायकोनं, तीनदा भाजीत मीठ घातलंच न्हाई. उझ्मा मात्र रोज बसून ते तीन प्रश्न सोडवायची. मी म्हणायचो, "आता कोणासाठी?" ती म्हणायची, "राहिलेत म्हणून."

निकालाच्या दिवशी देविदास सर स्टँडवर पळत आले. पन्नाशीचा माणूस, पळताना मी त्यांना कधी बघितलं न्हवतं. त्यांना दम लागलेला, बोलता येईना. मी खांदे धरून हलवलं. "सर, काय ते सांगा, न्हाईतर मी हितंच मरतो!"

"वीस," सर म्हणले. "वीसच्या वीस पास. वर्ग आपला."

"उझ्मा?"

सर जरा चाचरले. त्यांना वाटलं मला वाईट वाटंल. "पास हाय. पर सगळ्यात कमी मार्क तिचे. मी तिला पहिली धरून चाललो होतो, भाई. ती शेवटची हाय."

मी जीप तिथंच सोडली. पेढ्याचा मोठा पुडा घेतला आन् अख्ख्या स्टँडवर वाटत फिरलो. चहावाला, कंडक्टर, भाजीवाल्या बाया, कोणाला सोडलं न्हाई. ज्यानं त्यानं पेढा तोंडात टाकून एकच इचारलं, "पोरगी पहिली आली काय, मोहियोद्दीनभाई?"

"न्हाई," मी वरडलो, समद्या स्टँडला ऐकू गेलं असंल. "विसावी आली! विसावी आली म्हणून तर वर्ग आला! घ्या, दोन दोन घ्या!"