आईचा वॉल्ट्झ

"अगं एमे, माप चुकलं तुझं. कमरेत किती आवळतोय हा. जरा मागची चेन ओढ बघू."

इबोया आरशासमोर पोट आत ओढून उभी होती. कपाटाच्या दाराला टांगलेला काळपट लाल झगा तिला घरात पाऊल टाकताक्षणी दिसला होता आणि कोट काढायच्या आधी तिने तो हातात घेतला होता. रात्रभर ऑस्ट्रियातल्या ग्राझहून येणाऱ्या गाडीत बायकांच्या गर्दीत ती आंबून गेली होती, पाय सुजले होते. पण झगा पाहिला आणि तिचा सगळा शीण उतरला. धाकट्या बहिणीने आपल्याला न सांगता शिवून ठेवला, असं तिने धरूनच टाकलं.

एमेशे दारात उभी होती. हातात गरम पोगाचांचा ट्रे, शिक्षकांच्या टेबलासाठी भाजलेल्या खाऱ्या बिस्किटांचा. तिने तो खाली ठेवला, पण चेन ओढायला काही पुढे आली नाही.

"ताई, जरा थांब."

"थांबू कशाला? ओढ की. श्वास नंतर घेईन."

तेवढ्यात बोटोंड न्हाव्याकडून आला. अठरा वर्षांचा पोरगा, मान नुकतीच भादरलेली, अंगाला कसलासा उग्र वास. आईला मिठी मारायला तो पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"आई, तू मावशीचा झगा का घातलायस?"

बोटोंडच्या वर्गातल्या मुलांच्या सगळ्या आयांनी एकाच रंगाचे झगे शिवायचं ठरवलं होतं, जिच्या तिच्या मापाने. माप कुठेही चुकलेलं नव्हतं.

आज शाळेत फितीचा समारंभ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या छातीवर वर्गशिक्षिका फीत टाचते, मग मुलं जुन्या काळचा दरबारी नाच करतात, पांढऱ्या झग्यांतल्या मुलींबरोबर वॉल्ट्झ होतो, आणि सगळ्यात शेवटी प्रत्येक मुलगा आपल्या आईला आणि प्रत्येक मुलगी आपल्या बापाला नाचायला घेऊन येते. या गावात लग्नात कोण रुसलं होतं ते लोक विसरतात. आयांच्या वॉल्ट्झला कोण कसं दिसलं, ते मात्र विसरत नाहीत.

"मला वाटलं..." इबोया म्हणाली आणि चेन स्वतःच खाली ओढू लागली. ती अडकली.

"तुला फोनवर सांगितलं होतं," एमेशे म्हणाली. "शनिवारी आयांची तालीम असते म्हणून."

"मी म्हटलं होतं ना येते म्हणून. तिथे बदलीवर येणाऱ्या मागरेटच्या हातापाया पडून कामाची पाळी बदलून घेतली आजच्या दिवसासाठी."

"आजच्या दिवसासाठी," बोटोंड म्हणाला. "द्राक्षतोडणीच्या मिरवणुकीलाही असंच म्हणाली होतीस. मी आजोबांचं जाकीट घालून चौकात नाचत होतो आणि सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आई येणारे."

"म्हातारी पडली होती रे त्या दिवशी."

"म्हातारी नेहमीच पडते."

म्हातारी खरोखरच नेहमी पडायची. नवरा ट्रक घेऊन निघून गेला आणि परत फिरकला नाही, तेव्हापासून इबोया परक्या देशात परक्या म्हाताऱ्यांची उशापायथ्याशी बसून सेवा करत होती. दीड महिना तिथे, पंधरवडा इथे. पोराचे दात पडले, आवाज फुटला, मिसरूड आलं, ते सगळं एमेशेच्या घरात. तापात कपाळावर हात एमेशेचा, पालकसभेत खुर्चीत एमेशे. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात. इथे माय जिवंत होती, हीच अडचण होती.

"मला येतो वॉल्ट्झ," इबोया म्हणाली. "ज्यांच्याकडे मी कामाला होते त्या होल्त्सरबाईंनी शिकवलाय. स्वतः चाकाच्या खुर्चीत, टेबलावर काठी आपटून ठेका द्यायच्या. रोज भांडी झाली की मी जेवणाची खुर्ची कवेत घेऊन नाचायचे. बघ, दाखवते."

तिने त्याचा हात धरला. अर्धवट उघड्या झग्यात, जाड लोकरी मोज्यांवर, ती त्याला घेऊन खोलीत फिरली. चांगली फिरली. आणि दुसऱ्याच गिरकीला दोघांचे गुडघे एकमेकांवर आपटले.

"आमचा उलटा फिरतो," बोटोंड म्हणाला. "डाव्या अंगाने. मध्ये जोड्या बदलतात, मग कमान करतात. एक जण चुकला तर मागची सगळी रांग अडकते." त्याने हात सोडवून घेतला, हळूच, पण सोडवून घेतला. "आज नको ना, आई."

"ताई, तूच नाच," एमेशे म्हणाली. "खरंच. झगा कमरेत उसवून देते, अर्ध्या तासाचं काम. मी पहिल्या रांगेत बसून बघते."

तिने हे मनापासून म्हटलं असेलही. पण म्हणणारीचे केस सकाळीच पार्लरमध्ये बांधून झाले होते, त्यांत बारीक मोत्यांच्या पिना होत्या, आणि बोलताना ती त्याच चाचपत होती. एमेशेला ना नवरा, ना मूल. तिला तिच्या जन्मात वॉल्ट्झसाठी कोणी बोलावणार असेल, तर ते आजच.

इबोयाला संताप आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तिने तो घरावर काढला.

"हे छप्पर कोणामुळे आहे डोक्यावर? ही तुझी शाळा, ते बूट?"

"तुझ्यामुळे," बोटोंड म्हणाला. "ते काय मला माहीत नाही? सगळं आहे तुझ्यामुळे. फक्त तू नसतेस."

तो चढ्या आवाजात बोलला असता, तर तिने थोबाडीत दिली असती. तो अगदी साधं बोलला. इबोयाने पाठ फिरवली आणि एमेशेला म्हणाली, "ये, काढ हा. नाहीतर फाटेल तुझा."

संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. इबोया ग्राझहून आणलेला हिरवा झगा घालून भिंतीजवळ तिसऱ्या रांगेत बसली, कारण नाचणाऱ्या आयांच्या खुर्च्या पुढे राखून ठेवल्या होत्या. वर्गशिक्षिकेने बोटोंडच्या छातीवर फीत टाचली. टाचणी बोचली असावी, तो हसला. दरबारी नाचात तो सोनेरी गोंडे लावलेल्या कोटात असा ताठ चालला, की तिला क्षणभर तो आपला वाटेना. तिने टाळ्या वाजवल्या, तळवे दुखेपर्यंत.

आयांच्या वॉल्ट्झआधी तो गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आला आणि फोन तिच्या हातात दिला.

"आई, तू व्हिडिओ काढशील? बाकी कोणावर माझा भरवसा नाही."

त्याला वाटलं, आपण तिला काहीतरी दिलं. तिनेही ते घेतलं.

"काढते. जा तू. कॉलर नीट कर."

वाद्यं सुरू झाली. लाल झग्यांची रांग आत आली आणि इबोयाने आधी फोनमध्ये फक्त बोटोंडला पकडलं. त्याचा चेहरा, त्याचा खांदा, एमेशेचा नुसता हात. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खुर्चीतून उठली, भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली आणि दोघं पूर्ण मावतील असा फोन धरला. एमेशे सुंदर नाचत होती. डाव्या अंगाने फिरली, जोडी बदलून गेली, कमानीखालून वाकून परत त्याच्याकडे आली, आणि परत येताना तिच्याकडे पाहून तो जसा हसला, तसं हसू पाहिल्याचं इबोयाला आठवेना.

शेजारी एक बाई उभी होती, कोणाची तरी आजी असावी. तिने डोळे पुसले आणि इबोयाच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"किती गोड नाचतोय हो तो मुलगा आईबरोबर. चेहऱ्यांतसुद्धा साम्य आहे." मग विचारलं, "तुमचा कोण तो?"

नाच अजून चालू होता, व्हिडिओही चालू होता. आपला आवाज त्यात जाणार, पोरगा उद्या तो ऐकणार, हे इबोयाला ठाऊक होतं. तिने फोन हलू दिला नाही.

"भाचा," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा."