हॉल आणि भटारखान्याच्या मधलं दार

मी एक जुनं झुलतं दार आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ राहणं मला ठाऊकच नाही. अंधेरीच्या एका हॉटेलात हॉल आणि भटारखाना यांच्या मधोमध माझी जागा. बासष्ट साली कुंडलिक मिस्त्रींनी मला सागवानातून घडवलं, दोन्हीकडे उघडणाऱ्या बिजागऱ्या लावल्या आणि गोल काच बसवली. तेव्हापासून वेटर मला खांद्याने ढकलतात. त्याचा मला राग नाही. कोणी ढकलेनासं झालं, की मात्र माझा जीव कासावीस होतो.

आमच्याकडे एक रीत होती. संध्याकाळी गिऱ्हाइकं येण्याआधी आमची स्वयंपाकीण, मरोळ गावठाणातली मार्सेलिना, त्या दिवशीच्या प्रत्येक पदार्थाचा घास वेटरांना खायला घाली. गोराईचा विन्सेंट त्यांच्यात मोठा चोखंदळ. "मार्सेलिनाबाय, कालवण झकास!" म्हणत तो हॉलमध्ये शिरे तो हसतच. नेहमी येणाऱ्या पद्मजाबाई तर कार्ड उघडतही नसत. विन्सेंट सांगेल ते मागवत. तेव्हा लोक माझ्या पॉलिशचंही कौतुक करत.

पंच्याहत्तर साली मार्तंडसाहेब मॅनेजर होऊन आले. गिऱ्हाइकांचं अन्न नोकरांनी आधी चाखावं, हे त्यांना पटेना. त्यांनी रीत मोडली. वेटरांना मागच्या ओट्यावर वेगळा डाळभात मिळू लागला. मग ते मुकाट्याने ताटं नेऊ लागले. एकदा पद्मजाबाईंनी विचारलं, "विन्सेंट, आज काय घेऊ?"

"कार्डावर बघा, बाई," तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला! गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेबांनी काय करावं? दोष माझ्या कुरकुरीचा समजून माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं! मी चिडून कितीतरी वेळ हलत राहिलं.

विमानतळाकडे नवी हॉटेलं निघत होती. विन्सेंटने तिकडे नोकरी धरली.

"अरे, पगार वाढवतो ना," साहेब म्हणाले.

"पगाराचं नाय, साहेब. चवच म्हाईत नाय तर गिऱ्हाइकाला काय सांगू? नुसती हमाली वाटते."

विन्सेंट निघाला, तेव्हा मी घट्ट अडून बसायचं ठरवलं होतं. पण त्या मेल्या तेलामुळे अलगद उघडलं.

दुसऱ्या दिवशी माणसं कमी पडली, म्हणून साहेबच ताट घेऊन गेले. पद्मजाबाईंनी विचारलं, "यात चिंच आहे का? मला सोसत नाही." साहेब ताटासकट परत फिरले आणि मला पाठीने उघडं धरून उभे राहिले.

"मार्सेलिनाबाई, चिंच आहे का यात?"

"तुमीच खाऊन बघा ना." तिने वाटी पुढे केली.

साहेबांनी मान खाली घालून घास घेतला. बराच वेळ चावला. "आहे," ते म्हणाले. "उद्यापासून सगळ्यांना पहिल्यासारखं द्या. विन्सेंटलाही निरोप धाडा."

"तो आता कशाला येतोय?" म्हणत ती शेगडीकडे वळली.

तो आला नाही. रीत मात्र पुन्हा सुरू झाली, हॉलमध्ये हसू ऐकू येऊ लागलं. माझा रंग उडालाय, काच तेलकट झालीय. तरी खांदा लागला, की तो विन्सेंटचा असेल असं मला अजून वाटतं.

मित्रांनो, तुम्हाला वाढणाऱ्या माणसाला वेळेवर विचारा, "यातलं तू चाखलंस का?" तो निघाल्यावर त्याला अडवायला माझ्याकडे पाहू नका. दाराच्या हातात काही नसतं.