पाचवं रीळ

मला वाटलं होतं, रेडिओ केंद्राच्या तळघरात बाबांच्या गोष्टी ओळीने मांडून ठेवलेल्या असतील, प्रत्येक डब्यावर तारीख असेल आणि कुठलाही डबा उघडला की तो आवाज खोलीभर पसरेल. प्रत्यक्षात तिथे एक लोखंडी कपाट होतं. त्यात मोडक्या खुर्चीचे पाय, जुनी कॅलेंडरं आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच रिळं होती.

"त्यांच्यावर गोष्टी नाहीत हं, आधीच सांगतो," रीळकाका म्हणाले. बाबांच्या काळापासून ध्वनिमुद्रणाचं काम तेच बघत आले होते. "टेपा मिळायच्या कुठे तेव्हा? दुपारी गोष्ट भरायची, संध्याकाळी वाजवायची, दुसऱ्या दिवशी पुसून त्यावर हवामान. तुम्ही शिकून आलेली माणसं, तुम्हाला वाटतं सगळं जग जपून ठेवलेलं असतं."

मी नऊ वर्षं दूर राहून हेच शिकून आले होते: आवाज कसे जपायचे. दर नाताळात बाबा रेडिओवर गोष्ट सांगायचे, तो कार्यक्रम या नाताळात पुन्हा सुरू करायचा, घराघरात दिवे मालवून लोकांनी पुन्हा रेडिओभोवती बसायचं, असं मी येण्याआधीच सगळ्यांना लिहून कळवलं होतं. पण खरी ओढ वेगळी होती. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांचा चेहरा फोटोत होता. आवाज मात्र माझ्या डोक्यातून कधी पुसला गेला, ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

"मग ही पाच का ठेवलीत?"

"लेव्हलसाठी. गोष्टीआधी माणसाला मिनिटभर काहीबाही बोलायला लावायचं, त्यावर मीटरची सुई लावून घ्यायची. तुझ्या बाबांचं तेवढं मिनिट मी पुसत नसे. पुढच्या नाताळात तेच लावलं की सुई झटक्यात जागेवर. आळस म्हण हवं तर."

म्हणजे पाच नाताळांची पाच मिनिटं. मला तेवढी पुष्कळ होती.

दुपारी वरच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काकांनी पहिलं रीळ चढवलं. खरखर झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बाबा म्हणाले, "आलीस? बस." माझे डोळे भरून आले, त्यामुळे पुढचं नीट ऐकूच आलं नाही. थोडं बोलणं, थोडं थांबणं, पुन्हा बोलणं.

"कुणाशी बोलतायत?"

"कुणाशी नाही. आत ते एकटेच, मी काचेच्या अलीकडे. भिंतीशीसुद्धा गप्पा मारायचे तुझे बाबा."

दुसऱ्या रिळावर ते म्हणाले, "तिकडे थंडी फार असते का गं?" मग थोडं थांबून, "बाप रे." मी हसले. काका हसले नाहीत. ते सुईकडे बघत होते.

तिसऱ्या रिळावर बाबांनी विचारलं, "आणि कोट कुठे टाकून आलीस?" सकाळच्या घाईत मी कोट खरंच घरी विसरले होते, आणि नकळत तोंडातून गेलं, "विसरले."

"विसरलीस! अगदी आईवर गेलीस."

काकांनी बटणाकडे नेलेला हात तसाच मागे घेतला. "ही टेप तू आधी कधी ऐकली होतीस?"

"कधीच नाही."

मग त्यांनी चौथं लावलं. या वेळी मी मुद्दाम ओठ मिटून बसणार होते. पण बाबांनी विचारलं, "पुष्कळ शिकलीस ना गं?" आणि त्या विचारण्यात इतका अभिमान होता, की मी "हो" म्हणाले. ते समाधानाने हसले. मग आवाज खाली आला, माइकच्या अगदी जवळ. "मग एक सांग. तू एवढी मोठी झालीस, तर मी आता कसा दिसतो?"

मी काकांकडे पाहिलं. टेप फिरत होती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "धीर होत नाही. पुढच्या वर्षी विचारतो."

काकांनी यंत्र बंद केलं. "पाचवं उद्या," ते म्हणाले. "यंत्र तापलंय." मी यंत्राला हात लावून पाहिला. ते गार होतं.

संध्याकाळी आई मटार सोलत होती. मी शेजारी बसून शेंगा पुढे केल्या आणि जमेल तितक्या सहज विचारलं, "बाबा लेव्हल देताना काय बोलायचे गं?"

"तुझ्याशी बोलायचे." आईने मान वर केली नाही. "गोष्ट भरून घरी आले की म्हणायचे, आज आपली मोठी झालेली लेक आली होती. तू तेव्हा चार वर्षांची, माझ्या मांडीवर रेडिओ ऐकत बसलेली. मी म्हणायचे, गोष्टी सांगून सांगून तुमचं डोकं फिरलंय."

"आणि शेवटच्या वर्षी?"

आईने आणखी एक शेंग सोलली. "त्या दिवशी रेडिओवर गोष्ट लागलीच नाही. नुसतं व्हायोलिन. तू रडून गोंधळ घातलास. हे घरी आले, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले. मी थट्टेने म्हटलं, काय म्हणाली मग लेक? तर म्हणाले, एकच गोष्ट विचारली, पण आज ती काहीच बोलली नाही." तिने दाणे भांड्यात लोटले. "चार दिवसांनी गेले. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखत असणार आधीपासून. आम्हाला बोलले नाहीत कधी."

त्यानंतर मी जेवले, भांडी पुसली, आईच्या पांघरुणाची घडी मोडून दिली आणि मनात एकच वाक्य घोळवत राहिले: बाबा, छाती तपासून घ्या. मिनिटभरात सहज सांगून होण्यासारखं होतं ते. उद्या त्यांनी विचारायचं आणि मी हे सांगायचं. पण सांगितलं असतं, तर बाबांनी घरी येऊन आईला ते सांगितलं असतं. त्यांनी तर सांगितलं होतं, की मी गप्प राहिले. त्या खोलीत, त्यांचा आवाज कानात असताना, वाक्य तोंडपाठ असताना, मी कशामुळे गप्प राहणार होते?

सकाळी केंद्रावर गेले तेव्हा काकांनी रीळ चढवून ठेवलं होतं. टेप यंत्रात ओवलेली होती. काका यंत्राशेजारी उभे राहून, बटणावर बोट ठेवून, माझ्याकडे बघत होते.

मी कशामुळे गप्प राहणार होते, ते ऐकायचा मला धीर झाला नाही. मी ते रीळ उतरवलं, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्यांना सांगितलं, की हे लावायचं नाही, आज नाही आणि कधीच नाही. काकांनी बटणावरचं बोट काढून घेतलं. मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी बाबांना उत्तर का मिळालं नाही, ते आता मला ठाऊक होतं.