भिडस्त लूएलाचं पिस्तूल

रँडलने आईसाठी पिस्तूल आणलं ते लाल रिबिनीत बांधून. पाच गोळ्यांचं छोटंसं रिव्हॉल्व्हर, गुलाबी मुठीचं, साबणाच्या वडीसारखं हलकं. लूएलाने ते तळहातावर घेतलं आणि तोंड भरून म्हटलं, "अगंबाई, किती गोड रे!" भिडस्त बाई दुसरं काय म्हणणार?

आमच्या पूर्व टेक्सासातल्या पुरुषांना एक खोडच आहे. बायकोसाठी चपला आणायच्या तर तिला दुकानात घेऊन जातील, पण तिचं पिस्तूल मात्र परस्पर पसंत करून येतील. बाई लहानखुरी, म्हणून पिस्तूलही लहान, इतका सरळ त्यांचा हिशोब. पिस्तूल जितकं हलकं तितकी गोळी सुटताना त्याची लाथ जोरात, हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. पण दुकानाच्या काचेखाली ते गोंडस दिसतं, आणि तिथेच सगळे फसतात.

लूएला टॅकेट तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांसाठी दुकान चालवायची. गळाला लावायचे जिवंत मिनो मासे, गांडुळं, बर्फ, कॉफी. नवरा गेल्यावर एकटीनेच रेटलं होतं तिनं सगळं. वसंतात एका सकाळी कुणी एक तरणाबांड गडी आत आला, तिला माशांच्या टाकीवर ढकलून गल्ला घेऊन पळाला. ती फरशीवर पडलेली, अंगावर पाणी, आणि आजूबाजूला मिनो तडफडतायत. लागलं फारसं नव्हतं, पण त्या दिवसापासून दाराची घंटी वाजली की ती आधी टाकीपासून दूर सरकायची.

रँडलने लगेच दुकान विकायचं काढलं. नवऱ्याने मृत्युपत्रात अर्धं दुकान मुलाच्या नावे केलं होतं, त्यामुळे त्याला तसं म्हणायचा हक्क होता. "डॅलसला माझ्याकडे चल, मॉमा. गॅरेजची मस्त खोली करून देतो तुला."

"मी गॅरेजमध्ये राहायला काय मोटार आहे?" लूएला म्हणाली. "मी पिस्तूल बाळगेन. इथे सगळेच बाळगतात."

"या हातांनी? लोणच्याची बरणी माझ्याकडून उघडून घेतेस तू."

हे मात्र खरं होतं. संधिवाताने तिचे अंगठे पार कामातून गेले होते. शेवटी मायलेकांत ठरलं: तिने पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याची गोळीबाराची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास केली, तर रँडल दुकानाचा विषय पुन्हा काढणार नाही. नापास झाली, तर दुकान विकायचं. टेक्सासात आता कायद्याला परवाना लागत नाही, पण रँडलला लागत होता.

रिबीन सोडून दोघं गावाबाहेरच्या गोळीबाराच्या मैदानावर गेले. पहिल्याच गोळीला ते गुलाबी रिव्हॉल्व्हर तिच्या हातात असं उसळलं की तिचं मनगट कळवळलं. दुसरी गोळी सुटायच्या आधीच तिचे डोळे मिटले. चाप इतका कडक की तो ओढेपर्यंत नळी डुलायला लागे. समोरचा कागदी माणूस शेवटपर्यंत धडधाकट उभा राहिला. एक गोळी त्याच्या कानाजवळून गेली असेल, तेवढीच.

"बघ, मॉमा," रँडल हळूच म्हणाला. वाईट मुलगा नव्हता तो. त्याच्या आवाजात दया होती, आणि तीच तिला झोंबली. गाडीत बसताना तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि तिला रडू आलं. दोष हातांचाच, अशी तिची खात्री झाली होती.

पलीकडच्या रांगेतून ओडेसा क्रम्प हे सगळं पाहत होती. ओडेसाने हयातभर शाळेची बस चालवली होती आणि अजूनही ती पन्नास पोरांवर ओरडल्यासारखीच बोलायची. तिने गाडीच्या खिडकीवर टकटक केली.

"लूएला, तू मंगळवारी दुपारी ये. आम्ही चर्चच्या बायका जमतो इथे. सोबत काहीतरी खायला आण. आणि ते खेळणं घरी ठेव."

मंगळवारी लूएला अंड्यांचं सॅलड घेऊन गेली. मैदानाच्या शेडमध्ये दोन लांब टेबलं मांडली होती. एकावर जेवण: चिकन, मक्याचा कॉर्नब्रेड, पीच फळांचं भाजलेलं गोड कॉब्लर, गोड चहाची बरणी. दुसऱ्यावर पिस्तुलं. चर्चच्या जेवणात आपलं भांडं परत मिळावं म्हणून बायका भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टी लावून नाव लिहितात ना, तशीच प्रत्येक पिस्तुलाच्या मुठीवर चिकटपट्टी: मोझेल, फे, ओडेसा. सगळी रिकामी, सगळी उघडी, नळ्या मैदानाकडे. जिला जे चाखायचं ते तिने गोळ्या भरून चाखावं, अशी तिथली रीत.

आणि इथेच लूएलाचं घोडं अडलं. आमच्याकडे चर्चच्या जेवणात प्रत्येकीच्या पातेल्यातलं चमचाभर घ्यावंच लागतं, आणि वा वा म्हणावंच लागतं. लूएलाने चौसष्ट वर्षं तेच केलं होतं. तिने मोझेलचं चपटं पिस्तूल उडवलं, अंगठ्याच्या सांध्यात वीज चमकली, आणि ती म्हणाली, "छानच आहे हं." फेचं उडवलं. गोळी चढवायला त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढता ओढता तिच्या नाकी नऊ आले. फेलाच तो ओढून द्यावा लागला. लूएला म्हणाली, "सुरेख!"

"मग अगदी माझ्यासारखंच घे," मोझेल खुशीत म्हणाली. मोझेलचं कॉब्लर लूएलाने नुकतंच दोनदा घेतलं होतं. आता नाही कशी म्हणणार? "घेते की," ती म्हणाली.

ओडेसाने हातातला चहाचा ग्लास टेबलावर आदळला.

"खोटारडे! डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या. हे काय कॉब्लर आहे, चमचाभर खाल्लं आणि उरलेलं रुमालात लपवलं? हे रोज कमरेला बांधायचंय तुला. दुखतंय तर सांग दुखतंय म्हणून! मोझेल काही मरत नाही."

"मी मरत नाही," मोझेलने कबूल केलं, पण ओठ जरा मुडपलेच.

लूएलाचा चेहरा लाल झाला. तोंडातून शब्द फुटेना. मग एकदम फुटला. "मोझेल, तुझं पिस्तूल म्हणजे गाढव आहे. लाथच मारतं नुसती."

बायकांनी चमचे खाली ठेवले. मग आधी मोझेलच खो खो हसली. "अगं, मला पण मारतं! नवऱ्याने आणलंय, सांगणार कुणाला?"

एकदा भीड मोडल्यावर लूएलाला कोण आवरणार? ती टेबलभर फिरली. हे नको, चाप कडक आहे. हे नको, मूठ अपुरी, करंगळीला जागाच नाही. हे नको, रोखायची खूण दिसत नाही. इतक्या वेळा "नको" ती उभ्या जन्मात म्हणाली नव्हती, आणि तिला ते कॉब्लरहून गोड लागलं.

टेबलाच्या टोकाला ओडेसाचं पिस्तूल होतं. काळं, थोराड, ओबडधोबड, तिथल्या निम्म्या पिस्तुलांपेक्षा मोठं. दिसायला इतकं बेंगरूळ की कुणी हात लावत नव्हतं.

"हे माझ्या हाताला मोठं होईल," लूएला म्हणाली.

"हाताला विचार, डोळ्यांना विचारू नकोस. गोळी याची धाकटी आहे, आणि धूड जड. सगळा धक्का तेच खातं. आतली स्प्रिंगही मऊ. आणि वरचा भाग चिमटीत धरून ओढायचा नाही. तो असा मुठीत घट्ट धर, छातीजवळ, नळी समोर. आता दुसऱ्या हाताने खालचं पिस्तूल पुढे ढकल. दार ढकलतात तसं. जोर अंगठ्याचा नाही, खांद्याचा."

लूएलाने ढकललं. खट्ट! पिस्तूल भरलं गेलं. अंगठ्याला कळलंसुद्धा नाही. तिने रोखलं, श्वास सोडला, चाप सावकाश दाबला. कागदी माणसाच्या छातीत भोक पडलं. दुसरं त्याच्या शेजारी. तिसरं दोघांच्या मध्ये. तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि अंगठे हलवून पाहिले. हात तेच होते की!

"हेच," ती म्हणाली. "मला असलंच पाहिजे." आणि या वेळी कुणाचं मन राखायला ती बोलली नव्हती.

आता प्रश्न लपवायचा. फे म्हणाली, पर्समध्ये ठेव. ओडेसाने तिलाही झापलं, "पर्स तू बाजारात ढकलगाडीत ठेवतेस. गाडी एकीकडे, तू चिकन बघायला दुसरीकडे. चोराला पिस्तूल आयतं!" शेवटी जाड चामड्याचा पट्टा आला. पट्टा लेचापेचा असला तर पिस्तूल लोंबतं आणि मग गावभर दिसतं. पट्ट्याच्या आत उजव्या कमरेला बसणारं, चाप पुरता झाकणारं म्यान आलं. वर मासे धरणारे घालतात तसला सैल, बाहेर सोडलेला शर्ट. लूएला ते लावून टाकीत वाकली, बर्फाच्या पिशव्या उचलल्या, ट्रकमध्ये चढली, उतरली. पहिले दोन दिवस कंबर सोलली. मग म्यान बोटभर मागे सरकवलं आणि ते अंगचंच झालं.

राहिली एक अडचण, तीही आमच्याकडचीच. इथे माणूस भेटला की मिठी मारतो, आणि मिठीत हात कमरेला जातात. ओडेसाने तिला शेडमध्ये उभी करून शिकवलं, "तू आधी घुसायचं. तुझे हात खाली, त्यांचे वर. मग त्यांना तुझे खांदेच मिळतात." बुधवारच्या चर्चच्या जेवणात लूएलाने अख्ख्या दालनाला मिठ्या मारल्या, पाद्रीबाबांना सुद्धा. कुणाला पत्ता लागला नाही. मोझेल मात्र कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून हसून गदगदत होती.

परीक्षा शनिवारी सकाळी होती. रँडल डॅलसहून आला. मंगळवारच्या बायकाही आल्या, घडीच्या खुर्च्या आणि टरबूज घेऊन. रँडलने आईला मिठी मारली. तिचे हात खाली, त्याचे वर.

"पिस्तूल कुठाय, मॉमा? विसरलीस?" त्याने हळूच विचारलं. "नको असेल तर जाऊ दे. मी समजू शकतो."

"आता मिठी मारलीस ना, तेव्हा तुझ्या कोपराखालीच होतं," लूएला म्हणाली. रँडल तोंड उघडं टाकून तिच्या शर्टाकडे बघत राहिला. "आणि ते गुलाबी मला नको, बाळा. प्रेमाने आणलंस, पण मला दुखतं त्याने. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

रँडल काहीतरी बोलणार होता, पण परीक्षक पर्विस यांनी सगळ्यांना रेषेवर बोलावलं. शांत, पातळ आवाजाचा माणूस. आधी जवळून गोळ्या झाडायच्या, मग जरा मागे सरकून, मग लांबून. जवळून लूएलाने कागदाच्या मधोमध वाटीएवढं खिंडार पाडलं. मागे सरकल्यावर तेच थोडं पसरलं. लांबच्या रेषेवर मात्र ऊन डोळ्यांवर आलं, अंगठे ठणकायला लागले, आणि नेमक्या तेव्हाच तिने चाप दाबला तर नुसतं टिक्. गोळी उडालीच नाही.

घड्याळ चालू होतं. खराब गोळी बाहेर काढायची तर वरचा भाग मागे घ्यायलाच हवा, आणि ठणकणारे अंगठे तर संपावर गेलेले.

"थांब, मॉमा, मी देतो ओढून!" रँडल मागून धावला.

"रेषेच्या मागे!" पर्विस म्हणाले. त्या पातळ आवाजात इतकी धार असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रँडल जागीच थबकला.

लूएलाने मागे पाहिलं नाही. पिस्तुलाच्या बुडावर तळहात मारला, वरचा भाग मुठीत धरून छातीशी घेतला, नळी समोर, आणि खांद्याच्या जोराने पुढे ढकललं. खट्ट! खराब गोळी उडून वाळूत पडली. तिने रोखलं आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या एकामागून एक, न घाबरता, कागदात घातल्या. शेवटच्या गोळीला तिचे डोळे सताड उघडे होते.

पर्विस कागदापाशी जाऊन भोकं मोजत बसले. बायकांनी टरबूज खायचं थांबवलं. "पास," ते म्हणाले. "नुसती पास नाही. आजच्या वर्गात सगळ्यांत वर."

घडीच्या खुर्च्या धडाधड पडल्या. ओडेसा पन्नास पोरांवर ओरडावं तशी ओरडली. मोझेलने लूएलाला इतक्या जोरात मिठी मारली की खाली-वरचे सगळे धडे विसरले गेले. लूएला हसत होती आणि रडतही होती. इतका आनंद तिला नवरा गेल्यापासून झाला नव्हता.

रँडल जरा बाजूला उभा होता. त्याने खिशातून फोन काढला आणि दुकान विकून देणाऱ्या दलालाला लावला. बायका पडलेल्या खुर्च्या उचलायला लागल्या. कान मात्र सगळ्यांचे तिकडेच.

"विकायचं नाही," रँडल म्हणाला. "हो, कायमचंच. नाही, आईचे हात बरे झाले नाहीत. हात तसेच आहेत." त्याने आईकडे पाहिलं. "मीच चुकीचं पिस्तूल तिच्या हातात दिलं आणि हातांना नावं ठेवली."

लूएलाने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तसाच काही वेळ राहू दिला. मग पिस्तूल रिकामं करून पर्विसना दाखवलं, पुन्हा भरलं, म्यानात ठेवलं, त्यावर शर्ट नीट ओढला आणि ट्रककडे निघाली. शनिवार होता, तळ्यावर लोक आलेले असणार, आणि त्यांना मिनो हवे होते.