कॉलरला हात नाही लावला

आमच्या शिवणाच्या दुकानात कात्री माझी, मशीन बायकोचं. तोंडही तिचंच. मला मधुमेह आहे हे गिऱ्हाइकांना पाठ झालंय, कारण मापं घेतानाच ही बजावते, "जवळ गोड असेल तर पिशवीतच ठेवा हं, आमचे हे घारीसारखे टपलेले असतात."

खरं सांगतो, डॉक्टरांनी दम दिल्यापासून मी साखरेचा कण तोंडात टाकला नव्हता. पण नशीबच फुटकं! तोंड सुजलेलं, अंगात त्राण नाही, भर उन्हात स्वेटर आणि हातात कात्री धरून डुलक्या. एका कोटाच्या तर दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. बायको म्हणाली, "चोरून खाताय." शपथ घ्यायला मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने तो झटकला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. बाकी सगळं सोसेन, पण तिने मला खोटारडा समजावं? फार लागलं ते.

त्यातच विजारी कमरेला आवळायला लागल्या. एक नाही, सगळ्या! टेप लावून बघायची अक्कल नको का? पण जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या, स्वतःची मोजायची लाज वाटली. गुपचूप शिवण उसवून सैल करायचो. दोन दिवसांत पुन्हा जैसे थे. घाबरून रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं.

मेहुण्याच्या नव्या घरी जायला निघालो, तर ठेवणीतल्या शर्टाचं वरचं बटण लागेना. बायकोने ओढून पाहिलं.

"अगं, जीव घेतेस का! पोट सुटलं, तसा गळाही सुटला."

ती पांढरीफटक पडली. "पोट नाही सुटलेलं. विजारी मीच आवळत होते. तुम्ही उसवायचात, मी त्याच टाक्यांवरून पुन्हा शिवायचे. म्हटलं, घाबरून कबूल कराल. पण देवाशपथ, कॉलरला हात नाही लावला."

आरशात बघितलं. गळ्याशी चांगला फुगवटा होता.

मेहुणा राहिला बाजूला. डॉक्टरांनी गळा चाचपला, घोट गिळायला लावला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "थायरॉइड मंदावलाय. मधुमेहाच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा सापडतो. सूज, सुस्ती, थंडी, सगळं त्याचंच. गोड खाण्याशी संबंध नाही."

"जरा मोठ्यांदा सांगा हो, हिला कमी ऐकू येतं," मी म्हटलं. तिला चांगलं ऐकू येतं.

घरी येऊन ती माझे सगळे शर्ट घेऊन बसली आणि एकेका कॉलरचं बटण सरकवू लागली. "चुकलं हो माझं. उगाच आळ घेतला तुमच्यावर," म्हणाली आणि डोळे पुसले. मलाही भरून आलं. संधी साधून मी विजारींचा ढीग हळूच पुढे सरकवला.

"मग यांचीही शिवण सोड ना."

तिने दातांनी दोरा तोडला. "त्या राहू देत तशाच. थायरॉइडला गोळी आहे. तुमच्या जिभेला पहारा हवाच."