परतीचे झाकण

मित्रांनो, रस्त्यातल्या गटाराच्या तोंडावर बसलेले मी एक जुने लोखंडी झाकण आहे. लगेच नाक मुरडू नका. तुम्ही नाक न मुरडता माझ्यावरून जाऊ शकता, यासाठीच तर मी तिथे असते. माझे वजन ऐंशी किलो आहे आणि काम एकच, भोक झाकणे. ते काम मी एकेचाळीस वर्षे करते आहे. मधले तीन महिने तेवढे सुटले. त्या तीन महिन्यांचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी जन्माची सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला.

माझा जन्म एका फाउंड्रीत झाला. तिथे आधी लाकडाचा नमुना कोरतात, तो ओल्या वाळूत दाबून अलगद काढतात आणि मागे राहिलेल्या खळग्यात वितळलेले लोखंड ओततात. लोखंड निवताना आक्रसते, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. आमचा नमुना कोरणारा कारागीर हाताचा पक्का होता, पण दुसऱ्यावर विश्वास ठेवणे त्याच्या स्वभावात नव्हते. नकाशा काढणाऱ्याने ती वाढ आधीच धरली होती. कारागिराला वाटले, खुर्चीवर बसणारे हे शहाणे काय धरणार? त्याने आपली पुन्हा धरली. झाले! पहिल्या खेपेची आम्ही अकरा झाकणे जन्माला आलो ती बोटभर मोठी.

नदीकाठच्या एका मोठ्या शहराने आम्हाला मागवले होते. म्हणून आमच्या पाठीवर त्या शहराची खूण आहे, तीन कमानींचा पूल आणि खाली तीन लाटा. त्या शहरात दोन गड्यांनी मला एका भोकावर ठेवले. एकाने वर चढून उड्या मारल्या. मी काही आत जाईना. "बसत नाही. पाठवा परत," मुकादम म्हणाला आणि आल्या ट्रकनेच आमची रवानगी झाली. त्या शहरात मी जेमतेम अर्धा दिवस होते. नदी दिसली नाही आणि पूलही दिसला नाही.

पुढची चार वर्षे फाउंड्रीच्या मागच्या अंगणात गेली. आमच्यात गवत उगवले. मग या गावचा इंजिनिअर आला. इथे एका गल्लीत नवी गटारे बांधून झाली होती आणि झाकणांचा पत्ता नव्हता. "मोठी तर मोठी," तो म्हणाला, "आपण भोकांभोवतीची लोखंडी कडी यांच्या मापाची ओतून घेऊ." टोपी आधी घेतली आणि डोके मग शोधले, असा हा प्रकार. पण आम्ही अकराही जणी अशा चपखल बसलो की ट्रक गेला तरी खट्ट आवाज होत नसे. इंजिनिअरची बदली झाली. मापाची ही गोष्ट कोणी कुठे लिहून ठेवली नाही.

या गावाला नदी नाही. साधा ओढाही नाही. त्यामुळे आमच्या पाठीवरचा पूल पाहून लोक काहीबाही सांगत. कोणी म्हणे, इथे पूर्वी नदी होती. कोणी म्हणे, पूल बांधायचे ठरले होते, पुढाऱ्यांनी नुसती झाकणे आणली. एकदा एक चित्रकलेच्या बाई वर्ग घेऊन आल्या. त्यांनी माझ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला लावली, तेव्हा बत्तीस कागदांवर बत्तीस पूल उमटले. माझे कौतुक झाले ते तेवढेच. एरवी माझ्यावर कोणी चहाचा चोथा टाकला, कोणी पान थुंकले. ते असो.

माझ्या शेजारी फुटपाथवर चावीवाला बसतो. ठेंगणा आणि तोंडाने खट्याळ माणूस. त्याच्या समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दवाखान्यात रक्त तपासणारी एक बाई राहते. सहा वर्षांपूर्वी तिने आपल्या वडिलांना कायमचे इकडे आणले. ते त्या नदीकाठच्या शहरात बस कंडक्टर होते. बायको गेली, गुडघे कुरकुरायला लागले, मग लेकीपुढे त्यांचे काही चालेना.

आले खरे, पण चार महिने त्यांनी जिना उतरला नाही. लेक चावीवाल्याला सांगायची, "खिडकीतसुद्धा बसत नाहीत हो. म्हणतात, तुमच्या गावात बघण्यासारखं आहे काय?" ती सकाळी कामाला गेली की म्हातारा घड्याळाकडे बघत बसायचा. जेवण अर्धे उरायचे. एकदा तर तिने रडत विचारले होते, "मी चुकले का हो तुम्हाला आणून?"

एका रविवारी ती त्यांना जवळजवळ ओढतच खाली घेऊन आली. घराला चावी एकच होती आणि दुसरी करायची होती.

"बाबा, दहा मिनिटं उभे राहा. चावी तुमच्या हातात बसते का ते बघा, मग वर जाऊ."

ते मान खाली घालून उभे राहिले आणि त्यांना मी दिसले. त्यांनी चष्मा पुसला. मग गुडघ्यांची पर्वा न करता ते चक्क खाली बसले आणि माझ्या कमानींवरून बोट फिरवू लागले.

"अगं, हा आपला पूल. हा इथं कसा?"

"बाबा, उठा! लोक बघताहेत. गटाराचं झाकण आहे ते."

चावीवाला कानस थांबवून म्हणाला, "बसू द्या ताई. एवढ्या प्रेमानं त्याला कधी कोणी हात लावला नाही. काका, तुमच्या ओळखीचं निघालं वाटतं?"

"ओळखीचं? बावीस वर्षं रोज आठ फेऱ्या केल्यात या पुलावरून. आणि हे चुकीचं आहे, सांगतो तुम्हाला. पुलाला कमानी चार आहेत. चौथी रस्त्याखाली गाडली गेली. तिच्यात आता कांद्याची वखार आहे. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनासुद्धा ठाऊक नाही."

"काय सांगता!" चावीवाला म्हणाला. "मग माझंही ऐका. मी लहानपणी ज्या गावात होतो, तिथं आमच्या घराच्या मधून दोन गावांची हद्द जायची. आई स्वयंपाक एका गावात करायची आणि झोपायची दुसऱ्या गावात. मतदानाच्या वेळी तिला विचारायचे, तुमची खाट कुठं आणि चूल कुठं?"

कंडक्टर हसले. लेकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. कितीतरी महिन्यांनी तिने ते हसू ऐकले असावे, कारण त्यानंतर ती घाईत असल्याचे विसरूनच गेली.

दुसऱ्या दिवसापासून चावीवाल्याच्या शेजारी एक जास्तीचे स्टूल आले. चावी व्हायला दहा मिनिटे लागतात. तेवढ्यात कंडक्टर गिऱ्हाइकाला हटकायचे, जसे बसमध्ये तिकिटासाठी हटकायचे तसेच. "बोला, कुठं कुठं राहिलात? तिथलं असं सांगा की जे आम्हाला ठाऊक नाही." या गल्लीत मूळचे असे कोण आहे? जो तो कुठून तरी आलेला. एक परिचारिका म्हणाली, तिच्या गावचे स्टेशन दुसऱ्याच गावाच्या नावाने आहे, त्यामुळे तिच्या लग्नाचे निम्मे वऱ्हाड अकरा किलोमीटर पलीकडे उतरले. एका सुताराने त्याच्या शहरातले नाट्यगृह सांगितले. ठेकेदाराने नकाशा उलटा धरला, म्हणून तिथे प्रेक्षक रंगमंचावरून आत येतात. एक गिऱ्हाईक म्हणाले, त्यांच्या टपाल कार्यालयाच्या हजेरीपटावर मांजराचे नाव होते आणि ते न फिरकलेल्या दिवशी त्याचाही खाडा लागे.

हे सगळे मी ऐकत होते. पण कंडक्टरांच्या मनातला प्रश्न एकच होता. पूल इथे आला कसा? मला उत्तर ठाऊक होते आणि मला बोलता येत नव्हते. लोखंडाला जीभ नसते म्हणतात. त्या दिवसांत ती असती तर बरे झाले असते.

कंडक्टरांनी दोन गोष्टी केल्या. आपल्या जुन्या बसड्रायव्हरला पत्र टाकले, कारण त्याचा मेहुणा तिथल्या पाणीखात्यात भांडारपाल होता. आणि इथल्या नगरपालिकेत जाऊन त्यांनी रीतसर चौकशी केली.

खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "आजोबा, आम्ही झाकणं बसवायची की त्यांच्या जन्मपत्रिका सांभाळायच्या?" पण त्याने अर्ज पुढे पाठवला. वर कोणीतरी वाचला आणि शेरा मारला, "परगावची झाकणे. तातडीने बदलावीत." म्हाताऱ्याने प्रेमाने केलेल्या चौकशीतून आमच्यावरच वरवंटा फिरला.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. आकडे घालून आम्हाला एकामागोमाग उपसले. कंडक्टर हात जोडून मुकादमाला विनवत होते, "अहो, मी फक्त विचारलं होतं. काढा असं म्हटलं नव्हतं." मुकादमाने कागद दाखवला. त्याचा तरी काय दोष?

आम्ही भंगारात गेलो. तिथे एक माणूस दिवसभर घणाने बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे करीत असे. आमच्यातल्या चौघींची पाळी आधी आली. मी ढिगाच्या तळाशी होते, एवढेच माझे कर्तृत्व.

इकडे गल्लीत काय झाले ते मला मागाहून चावीवाल्याच्या तोंडून कळले. नवी झाकणे नेहमीच्या मापाची होती आणि कडी आमच्या मापाची. झाकण एका बाजूला टेकले की दुसऱ्या बाजूला अधांतरी राही. गड्यांनी फटीत विटांचे तुकडे ठोकले, वर सिमेंट फासले आणि काम संपवले. महिनाभर ते टिकले. पुढच्या महिन्यात सिमेंटला चीर गेली. चावीवाल्याने दोनदा तक्रार दिली. दोन्ही वेळा "बघतो" असे उत्तर आले.

एका संध्याकाळी कंडक्टर स्टुलावरून उठून घराकडे निघाले. पाऊल झाकणाच्या कडेवर पडले, झाकण उलटले आणि त्यांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. चावीवाल्याने त्यांना काखेत हात घालून धरले. समोरचा सुतार धावला. हाड घोट्याशी मोडले होते. चावीवाला म्हणतो की तो म्हातारा ओरडला नाही, फक्त एवढेच म्हणाला, "लेकीला हळू सांगा. ती स्वतःलाच दोष देईल."

तिने दिलाच. दवाखान्यात ती त्यांच्या उशाशी बसून म्हणाली, "बाबा, पाय बरा झाला की तुम्हाला परत नेऊन सोडते. तिथं तुमची माणसं आहेत. मी उगाच हट्ट केला."

"तिथं मी एकटाच होतो गं," कंडक्टर म्हणाले. "इथं पडलो तर चार हात आले."

त्याच आठवड्यात ड्रायव्हरचे पत्र आले. लेकीने ते आधी वडिलांना आणि मग चावीवाल्याला वाचून दाखवले. लिहिले होते, "झाकणं आमचीच. बोटभर मोठी निघाली म्हणून परत गेली. मेहुणा सांगतो, पाणीखात्यात अजून एखादा माणूस कुठं रुळेना की त्याला परतीचं झाकण म्हणतात. पण अरे, ती तुमच्याकडे बसलीच कशी? कड्यांचं माप बघ."

लेक ते पत्र घेऊन थेट नगरपालिकेत गेली. या वेळी ती खिडकीशी थांबली नाही. तिथल्या इंजिनिअरबाईंच्या टेबलावर तिने पत्र ठेवले आणि शेजारी वडिलांच्या पायाचा एक्स-रे ठेवला. "ज्या प्रश्नाला तुम्ही हसलात," ती म्हणाली, "तो कोणी नीट तपासला असता तर माझ्या बापाचा पाय शाबूत असता."

इंजिनिअरबाई त्याच दुपारी टेप घेऊन आल्या. अकराही कडी त्यांनी स्वतः वाकून मोजली. मग कंडक्टरांच्या घरी, तीन जिने चढून, गेल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे. माफ करा." मोठ्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडून असे ऐकायला मिळणे हीसुद्धा या गावातली नवलाचीच गोष्ट.

भंगारातून आम्ही सात जणी परत आलो. चार झाकणे मापाने नवी ओतून घेतली. त्यांच्यावर नुसत्या चौकड्या आहेत, पण बिचाऱ्या कामाला चोख आहेत. आमची मापे आता कार्यालयाच्या वहीत लिहिलेली आहेत. मला कड्यात उतरवताना खाली "धप्प" असा आवाज झाला. एकेचाळीस वर्षांत मी दुसऱ्यांदा तो ऐकला आणि खरे सांगते, पहिल्यापेक्षा जास्त आवडला.

कंडक्टर आता काठी घेऊन उतरतात. थोडे लंगडतात. पावसाळी हवेत घोटा दुखतो म्हणून कुरकुरतात. परवा एक बाई किल्ली करायला आली. नुकतीच बदली होऊन आलेली, चेहरा उतरलेला. हातातली पिशवी सावरत ती स्टुलाजवळ उभी होती.

"बसा," कंडक्टर म्हणाले. "आमच्या गावाला नदी नाही, पण सात पूल आहेत. विचारा, कसे?"

लेक तेव्हा कामावरून येत होती. "आमच्या गावाला" हे शब्द तिने ऐकले. ती तशीच जिना चढली, आणि चार कप चहा घेऊन खाली आली.

मित्रांनो, माझे सांगणे थोडक्यात आहे. रस्त्यातले झाकण हलताना दिसले, तर त्याला वळसा घालून निघून जाऊ नका. तक्रार द्या, आणि "बघतो" म्हणाले तर पुन्हा द्या. जुने काही काढून टाकण्याआधी ते तिथे का आहे ते विचारा. आणि तुमच्या गल्लीत कोणी नवा माणूस आला, तर त्याला त्याच्या गावाची एक गोष्ट विचारा. दहा मिनिटे लागतात. चावी होईपर्यंत तुम्हाला तरी दुसरे काय काम असते?